चासी ठोकून पाहा, मग निर्णय घ्या

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि कुटुंब

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्याकडे स्कॉर्पिओची डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देता येणारी गाडी आहे. नोंदणी ऑगस्ट २०११ ची असून आजवर २ लाख १८ हजार किलोमीटर झाले आहेत. आम्ही कऱ्हाडला राहतो. शेत आणि मूळ घर मात्र कोयना खोऱ्यात, नवजाच्या बाजूला आहे. आई तिथेच राहते. तिचे वय ७६ आहे आणि ती शहरात यायला काही केल्या तयार नाही. डांबरी संपली की घरापर्यंत तीन किलोमीटर लाल मातीचा चढ आणि मध्ये एक ओढा लागतो. मी, पत्नी आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुले महिन्यातून दोनदा तिथे जातो. एरवी गाडी पत्नी चालवते, तीही दोन-तीन किलोमीटरवरची शाळा आणि बाजार एवढ्यापुरतीच निघते. गॅरेजवाल्याने आता १ लाख ८५ हजारांचा खर्च काढला आहे : टायर ४० हजार, क्लच ३० हजार, पुढचे सस्पेन्शन ३५ हजार, टर्बो ४५ हजार आणि फोर बाय फोर लागत नाही म्हणून ट्रान्सफर केसची (पुढच्या चाकांकडेही ताकद वळवणाऱ्या पेटीची) मोटर ३५ हजार. बदल्यात दिली तर २ लाख ४० हजार मिळतात; नवी रस्त्यावर येईपर्यंत बावीस-तेवीस लाख लागतील. पत्नीच्या मते मुलांच्या सुरक्षिततेसाठी गाडी बदलावी. ही गाडी वडिलांनी घेतलेली, त्यामुळे माझा पाय निघत नाही. काय करावे?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : आपण खर्चाचा तपशील बारकाईने दिला आहे, पण गाडीच्या पोटाखाली काय अवस्था आहे याविषयी पत्रात एक अक्षरही नाही, आणि आपला निर्णय नेमका तिथेच लागणार आहे. इंजिन, क्लच, टर्बो, सस्पेन्शन हे सगळे पैसे टाकून नवे करता येते. ज्या चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, गाडीचा नंबर कोरलेला असतो ती गंजून गेली, तर मात्र वर कितीही खर्च केला तरी तो वाया जातो.

आधी गरजेविषयी. या सदराकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांतली फोर बाय फोर वर्षातून चार दिवस कामाला येते, आणि त्या चार दिवसांसाठी गावातली जीप भाड्याने सांगितली तरी भागते, असे मी त्यांना कळवतो. आपले तसे नाही. ज्या नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणे ही नवलाई नाही, तिथे आषाढात ओल्या लाल मातीच्या उतारावरून म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यासाठी खाली आणायचे, तर चारही चाकांना ओढ हवी आणि त्याहूनही ‘लो’, म्हणजे गाडी अगदी हळू पण जोरात चालवणारी गिअरची खालची पट्टी हवी. लोमध्ये पहिला गिअर टाकला की गाडी इंजिनाच्या दाबावरच पावलापावलाने उतरते, ब्रेकला पाय लावावा लागत नाही आणि त्यामुळे चाक आवळून गाडी घसरत नाही. आज एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य गाड्या नुसत्या पुढच्या दोन चाकांवर चालतात. ज्यांना चारही चाकांची ओढ आहे, त्यांतही अनेकींना लो नसतो. शोरूममधला तरुण ‘सगळ्या टेरेनचे मोड आहेत’ असे सांगेल. आपण त्याला फक्त ‘लो रेंज आहे का?’ एवढेच विचारावे.

आता चासी. पावसाळ्याआधी, भर उन्हाळ्यात गाडी एकदा खालून वॉशिंग करून घ्या, दोन दिवस वाळू द्या आणि मग रॅम्पवर चढवा. हातात अर्धा किलोची हातोडी आणि जाड पेचकस घेऊन स्वतः खाली उभे राहा, हे काम मेकॅनिकवर सोपवू नका. चासीच्या दोन लांब पट्ट्या आतून पोकळ पेटीसारख्या असतात आणि त्यांना पाणी निथळण्यासाठी भोके असतात. ओढ्यातून गेलेल्या गाडीत ती भोके लाल चिखलाने बुजतात, आतला चिखल वर्षभर ओलसर राहतो आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरचा काळा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवा. हातोडी हलकेच मारत जा : चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. मागच्या स्प्रिंगच्या बैठका, मागच्या चाकांच्या वर चासी जिथे वाकते तो भाग, स्टेपनी ज्या आडव्या पट्टीला टांगलेली असते ती पट्टी आणि बॉडी जिथे चासीवर बोल्टने बसते ते कोपरे, एवढ्या जागा सोडू नका. भद्द वाजले तिथे पेचकस रेटून पाहा. वरवरचे पापुद्रे निघाले आणि खाली कोरा लोखंडी पत्रा लागला, तर घासून, रेड ऑक्साईड मारून, अंडरकोट देऊन काम होते. पेचकस आत शिरला तर प्रश्न मिटला; मग दुरुस्तीवर एक रुपयाही न घालता गाडी आहे त्या स्थितीत, खरेदीदाराला स्पष्ट सांगून विकून टाका. आडव्या पट्टीला ठिगळ लावता येते, लांब पट्टीला स्प्रिंगच्या बैठकीपाशी लावलेल्या ठिगळावर मी माझी मुले बसवणार नाही.

चासी चांगली निघाली असे धरून पुढचे लिहितो. आपल्या १ लाख ८५ हजारांतले टायर, क्लच आणि सस्पेन्शन मिळून १ लाख ५ हजार हे झिजेचे पैसे आहेत. ते कुठल्याही गाडीला, वापराप्रमाणे, आज नाही तर चार वर्षांनी लागतातच. त्यांना जुन्या गाडीचा दोष म्हणणे म्हणजे चपलेचा खर्च पायाच्या नावावर टाकणे आहे. टर्बोसाठी दुसऱ्या मेकॅनिकचे मत घ्या. गरम इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडा. धुराचे झोत भसाभसा वर आले, तर रोग टर्बोत नसून पिस्टनच्या रिंगांत असण्याची शक्यता मोठी, आणि मग अंदाजपत्रक दुपटीच्या घरात जाते. ट्रान्सफर केसच्या मोटरबद्दल आपल्यालाच थोडा दोष देतो. महिनोन्महिने ज्या यंत्रणेला हात लागत नाही ती आखडते. मोटर बदलण्याआधी तिचे कनेक्टर काढून साफ करून पाहावेत, कारण पाण्यातून गेलेल्या गाडीत पुष्कळदा तेवढ्यावर काम निभावते. पुढे दर महिन्याला मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर हाय (लो न लावता चारही चाकांची ओढ) लावून चालवावी. कोरड्या डांबरीवर हा प्रयोग करू नये, पुढची-मागची चाके एकमेकांना ओढतात आणि यंत्रणेवर नको तो ताण येतो.

हिशोबाचेही पाहू. नवी गाडी विम्याच्या कागदावर पाचव्या वर्षाच्या शेवटी निम्म्या किमतीची उरते. बाजारात फोर बाय फोरला थोडे जास्त मिळतात हे खरे. तरी वीस-बावीस लाखांच्या गाडीवर वर्षाला दीड-दोन लाख नुसती किंमत उतरण्यात जातात, त्यावर पहिल्या वर्षांचा भारी विमा आणि कर्जाचे व्याज. शिवाय महाराष्ट्रात वीस लाखांच्या पुढच्या डिझेल मोटारीला १५ टक्के एकरकमी कर आहे, तो परत येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना होऊन मोठ्या गाड्या ४० टक्क्यांवर आल्या आणि किमती उतरल्या, म्हणून ‘आत्ताच घ्या’ असा आग्रह होईल. ती उतरण आता किमतीत जिरलेली आहे. घाईचे कारण नाही. त्याउलट आपल्या गाडीची नोंदणी ऑगस्ट २०२६ मध्ये संपते, तेव्हा फिटनेसची तपासणी होऊन ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. केंद्राची फी ५ हजार रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे जूनमध्ये. वेल्डिंग आणि रंगाचे काम त्यामुळे मेअखेर संपले पाहिजे, ओल्या पत्र्यावर मारलेला अंडरकोट गंज झाकून ठेवतो.

आता वहिनींच्या आक्षेपाकडे येतो, कारण पत्रातला सगळ्यात वजनदार मुद्दा त्यांचाच आहे आणि आपण तो एका वाक्यात उरकला आहे. २०११ च्या गाडीत फार तर पुढे दोन एअरबॅग असतील. गाडी घसरू लागली तर एकेका चाकाचा ब्रेक आपोआप दाबून तिला सावरणारी ईएससी यंत्रणा नाही. ती नंतर बसवता येत नाही, आणि आपल्या घाटवाटेवर तिचा उपयोग आहे. ही उणीव मान्य करूनच गाडी ठेवायची, तर काही गोष्टी ठरवून टाका. मागच्या समोरासमोरच्या आडव्या बाकड्यांवर कोणीही बसणार नाही, मुले तर नाहीतच. ती बाकडी काढून सामानाला जागा करा. दोन्ही मुले मधल्या सीटवर खिडकीच्या बाजूंना, खांद्यावरचा पट्टा लावूनच बसतील. टायरवरचा चार अंकी आकडा वाचून घ्या : ‘३२२५’ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. दुकानात पडून असलेले जुने टायर गळ्यात मारले जातात आणि ओल्या घाटात तिथेच घात होतो. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक आवळू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो की नाही हे पाहा. काही गाड्यांत त्याचा बल्बच काढून टाकलेला मी पाहिला आहे.

वहिनींना रोज शाळेपर्यंत दोन-तीन किलोमीटर ही अवजड गाडी न्यावी लागते, त्यांच्या आग्रहाचे आणखी एक मूळ मला तिथे दिसते. नवी डिझेल घेतल्याने तो प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांप्रमाणे बनलेल्या, डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती स्वच्छ होण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर, चांगल्या वेगाने, काही वेळ सलग पळावी लागते. शाळा-बाजार-घर एवढ्यावर ठेवली तर गाळणी तुंबून दिवा लागतो.

म्हणून माझा सल्ला असा : चासी टणक निघाली तर स्कॉर्पिओ ठेवा, दुरुस्ती करा, पाच वर्षांची नोंदणी वाढवा आणि रोजच्या कामासाठी तीन-साडेतीन लाखांत चार-पाच वर्षांची छोटी पेट्रोल गाडी घ्या. दोन्ही मिळून साडेपाच लाखांच्या आत बसते. चासी गेली असेल तर लो असलेलीच गाडी शोधा : थार रॉक्सची डिझेल फोर बाय फोर, स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर किंवा पाच दरवाजांची गुरखा. जिम्नी त्या चढाला उत्तम आहे, पण तिच्यात चौघांचीच सोय आहे. आईंना आणायचे झाले की आपण पाच होता.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून आंबोलीजवळ राहतो. २००३ ची पेट्रोल जिप्सी आहे, वापर महिन्याला दोनशे किलोमीटर. एका हौशी गृहस्थांनी चांगली किंमत देऊ केली आहे. यजमानांचा खांदा दुखतो, तरी ते गाडी सोडायला तयार नाहीत. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुनी गाडी बिघडते असेही ऐकले.
— एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : द्यावी, असे मी स्पष्टपणे सुचवतो. दुखऱ्या खांद्याने पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी वळणावळणाच्या घाटात ओढत राहणे धोक्याचे आहे, आणि जिप्सी आता बाजारात नवी मिळत नसल्याने पुढे सुटे भाग शोधणे हाच एक उद्योग होऊन बसेल. हौशी मंडळी आज चांगला भाव देत आहेत, तोवर व्यवहार करावा. आपल्या दोघांना जिम्नी नेमकी बसते : तिच्यात लो आहे, स्टिअरिंग हलके आहे आणि एअरबॅग सहा आहेत. गावात रस्ता बरा झाला असेल तर तेवढ्याचीही गरज नाही, साधी उंच गाडी पुरेल.

इथेनॉलची भीती थोडी खरी, बरीच फुगवलेली आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे की, विनाइथेनॉल पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. जुन्या रबरी नळ्या आणि सील मात्र फुगतात किंवा चिरतात, त्या बदलाव्या लागतात. गाडी ठेवलीच, तर २०२८ च्या नूतनीकरणाला वीस वर्षांपुढच्या मोटारीची १० हजारांची फी लागेल हेही यजमानांच्या कानावर घालावे.

प्रश्न : माझी जुनी बोलेरो विकून दिल्लीहून येणारी दहा वर्षांची डिझेल फोर बाय फोर घ्यावी का? निम्म्या किमतीत मिळते आहे. आपल्याकडेही दहा वर्षांनी डिझेल गाड्या बंद होणार असे लोक म्हणतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दहा वर्षांचे डिझेल आणि पंधरा वर्षांचे पेट्रोल ही मर्यादा दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरापुरती आहे, हरित लवादाने ती घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली आणि पुढे तिच्यात फेरफारही झाले. महाराष्ट्रात असा नियम नाही. उत्तरेकडच्या कोरड्या हवेतल्या गाडीची चासी आपल्याकडच्यापेक्षा बहुधा चांगली निघते, हा या व्यवहाराचा खरा फायदा आहे. तोटा कागदांचा. तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला गाडीसोबत असला पाहिजे आणि इथे नव्याने नोंदणी करताना कर भरावा लागतो, तो निम्म्या किमतीत धरलेला नसतो. मीटरवरच्या आकड्याऐवजी सर्व्हिसच्या जुन्या नोंदी मागा. एजंट ‘पासिंगचे आम्ही बघतो’ म्हणाला, तर महाराष्ट्राचा नंबर पडून आरसी आपल्या नावावर येईपर्यंत किमतीचा निदान चौथा हिस्सा हाताशी राखून ठेवा, आणि ते आधीच कागदावर लिहून घ्या.