आईचा थकवा आणि टीएसएचचा आकडा

प्रश्न : थायरॉइडची गोळी चालू असूनही आईचा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक; थायरॉइड कमी काम करते तेव्हा रक्तात ते वाढते) वाढलेलाच येतो; डॉक्टर मात्र तिचा थकवा वयावर ढकलतात. मी काय बोलावे?

उत्तर : आधी घरातच पाहावे. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सकाळी उपाशीपोटी घेऊन पुढे अर्धा ते एक तास काही न खाणे आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी 4 तासांनी घेणे पाळले जात नसेल, तर औषध नीट शोषले जात नाही. (सगळ्या गोळ्या एकाच घोटात घेणारे पुष्कळ असतात!) हे पाळूनही आकडा उतरत नसेल, तर जुने अहवाल व तारखांसह लिहिलेली लक्षणे समोर ठेवून मात्रा बदलण्याविषयी डॉक्टरांना सरळ विचारावे, बदलल्यास 6 ते 8 आठवड्यांनी फेरतपासणी करावी. रक्तक्षयाचीही चौकशी करावी, आणि आईला स्वतः बोलू द्यावे.