चार लाखांत जुनी स्पोर्टी गाडी घेऊन हळूहळू मॉडिफाय करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, हाताशी ४ लाख आहेत, मन पोलो जीटी टीएसआयवर बसलंय आणि गाडी आली की आधी १७ इंची अलॉय रिम, मग गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग, मग एक्झॉस्ट, मग रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) असा बेत आहे. हा क्रम बरोबर आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी कोपरखैरण्याला राहते. २०१९ मध्ये मी २००९ ची स्विफ्ट झेडएक्सआय (सगळ्यात वरचं मॉडेल) घेतली, पहिल्या पिढीतली, १.३ पेट्रोल. किंमत पडली १ लाख ७० हजार. तीच गाडी आजही चालवते, आणि तिच्यावर काम करत करतच हे सगळं शिकले. त्या अनुभवावरून सांगते: तुमच्या यादीच्या आधी एक मोठं काम यायला हवं. ते म्हणजे गाडी कंपनीतून बाहेर पडली तेव्हा जशी चालत होती तशी पुन्हा करणं. दहा-बारा वर्षं जुनी गाडी नीट चालली तरी 'ओके' वाटते, पण ती मूळ गाडीच्या जवळपासही नसते. रबर कडक झालेलं असतं, शॉकअप मेलेले असतात, ब्रेक ऑइलने पाणी ओढलेलं असतं. अशा गाडीवर चढवलेला प्रत्येक महागडा पार्ट वाया जातो, कारण त्याचा फरक जाणवतच नाही.

म्हणून ४ लाखांतले जास्तीत जास्त पावणेतीन लाख गाडीला द्या. विमा आणि गाडी नावावर करण्याचा खर्च वेगळा काढा. साधारण ७० हजार पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा आणि त्यांना शोभेच्या कामासाठी हात लावू नका. उरतील ते टायरचे.

आता गाडी कोणती. पोलो जीटी टीएसआय सुंदर गाडी आहे, मी चालवली आहे. पण तिचा सात गिअरचा डीएसजी हा ड्राय क्लचचा, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेल्या क्लचचा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. सकाळी ठाणे-बेलापूर रोडवर महापे ते रबाळे दोन-दोन फूट सरकत जाणं म्हणजे त्या क्लचला सतत घासत ठेवणं. तो बिघडला तर खर्चाचा आकडा तुमच्या पूर्ण मॉडिफिकेशनच्या बजेटएवढा होऊ शकतो. ४ लाखांतल्या माणसाने तो धोका पत्करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोर्ड फिएस्टा १.६ एस किंवा फिगोचं १.५ डिझेल चालवायला फार गोड आहेत, स्टिअरिंग तर अजून कुणाला तसं जमलेलं नाही. पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, तेव्हा एखादा बंपर किंवा हेडलाइट शोधायला वणवण करायची तयारी हवी. मी तुमच्या जागी असते तर बलेनो आरएस शोधली असती. २०१७ ची, १ लिटर टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलून ताकद वाढवणारा), ताकद १०० बीएचपीच्या आसपास, टॉर्क १५० एनएम, गिअर मॅन्युअल आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. सर्व्हिसचे पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतात. ती बजेटमध्ये बसली नाही तर चांगली ठेवलेली स्विफ्ट घ्या आणि पैसे वाचवा.

एक गोष्ट मात्र पक्की: एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग कंपनीतूनच आलेली गाडी घ्या. स्प्रिंग, सीट, टायर नंतर बदलता येतात. एबीएस नंतर बसवणं व्यवहारात होत नाही. मी झेडएक्सआयच हवी म्हणून पाच महिने थांबले ते यासाठीच.

गाडी बघायला जाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धी लढाई तिथेच असते. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांचा नियम साधा होता: इंजिन थंड असताना बघायचं. मालकाला आदल्या रात्री सांगायचं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा घ्यायचा आणि परत यायचं, कारण ज्याने तुमच्या आधी गाडी गरम करून ठेवली त्याला काहीतरी लपवायचं आहे. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या चार-पाच सेकंदांत कान आणि डोळे उघडे ठेवायचे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर पाणी आणि ऑइल एकत्र आलंय, तिथून सरळ निघा. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. आकडा किती आहे यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

आपल्याकडे दुसरी भीती पाण्याची. ठाणे-मुंबई पट्ट्यात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गाड्या बुडतात, आणि पॉलिश होऊन विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहिलेली असते. सीटच्या रेल्सवर गंज, कार्पेटखाली ओल, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, हे सगळं टॉर्च घेऊन बघा. डिकीच्या तळाला भोकं बुजवलेली दिसली तर कधीतरी सीएनजीची टाकी बसवलेली होती. तसं असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद होती का आणि काढल्यावर ती रद्द केली का, हे विचारा.

ठोकलेली गाडी ओळखायला रंग बघू नका, बोल्ट बघा. बोनेटचे, दारांच्या बिजागरांचे बोल्ट पान्याने फिरवले असतील तर त्यांच्या कडांचा रंग उडतो. काचांवर बनवल्याची खूण असते, एकच काच इतरांपेक्षा नवी निघाली तर का बदलली ते विचारा. टायरवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. मीटरवर ४० हजार किलोमीटर आहेत आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटर खोटा आहे.

कागदांचं थोडक्यात. गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर बघा. होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. जुने ई-चलन विकणाऱ्याकडून भरून घ्या. विम्याचा नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो, तेव्हा 'बोनससकट पॉलिसी देतो' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

गाडी घरी आली की पहिले सहा महिने फक्त चालवा आणि आजारपण काढा. माझ्या स्विफ्टला टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) आणि त्याचा टेन्शनर, प्लग, कूलंट, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, तिन्ही इंजिन माउंटिंग, पुढच्या चाकांच्या लोअर आर्मचे रबरी बुश, लिंक रॉड आणि चारही शॉकअप लागले. तुर्भ्याच्या एका दादांकडे तीन हप्त्यांत हे काम केलं, एकूण ४६ हजार रुपये गेले. बेल्ट कधी बदलला ते विकणाऱ्याला आठवत नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चाला. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. शॉकअप आणि बुश बदलल्यावर पाम बीच रोडच्या वळणावर गाडी पहिल्यांदा न डगमगता वळली तेव्हा मला कळलं की मी आतापर्यंत दुसरीच गाडी चालवत होते. नंतर तिच्यावर मी बरंच काही केलं, पण एवढा मोठा फरक पुन्हा कशानेच पडला नाही.

त्यानंतर टायर. इथे थोडं गणित करा. माझ्या गाडीचा मूळ टायर १८५/७० आर१४, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १४ इंची. त्याचा पूर्ण व्यास साधारण ६१५ मिलिमीटर. १९५/६० आर१५ चा व्यासही ६१५ च भरतो, म्हणून मी तो घेतला. दुकानदार १९५/५५ आर१५ गळ्यात मारत होता. त्याचा व्यास ५९५ च्या आसपास, म्हणजे तीन टक्क्यांनी कमी: स्पीडोमीटर जास्त वेग दाखवणार आणि गाडी एक सेंटिमीटर खाली बसणार. तुमचे १७ इंची रिम दिसायला छान असतील, पण अशा मापात टायरची भिंत ९० मिलिमीटरच्या आसपास उरते. पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर तो टायर एका खड्ड्यात फुटतो आणि रिम वाकतो. १५ किंवा फार तर १६ वर थांबा, आणि रिमपेक्षा टायरवर पैसे घाला. रिम घेताना पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळतो एवढंच बघू नका, मधलं भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, घट्ट बसतंय का तेही बघा. सैल असेल तर हबसेंट्रिक रिंग लावून घ्या, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही उगाच बॅलन्सिंग करत बसता.

टायरच्या जोडीला चांगले ब्रेक पॅड आणि ताजं डॉट ४ ऑइल. हे सगळ्यात कमी पैशांचं आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

लोअरिंगबद्दल तुम्हाला कळकळीने सांगते. माझ्या मावसभावाने ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये स्प्रिंग कापून घेतले, दोन हजारांत काम झालं. कापलेला स्प्रिंग नीट बसत नाही, शॉकअप त्याच्या मापाचा नसतो आणि गाडी प्रत्येक धक्क्याला तळाला टेकते. महिनाभराने गायमुखलाच एका खड्ड्यात ऑइल चेंबर फुटला. रात्रीचे अकरा वाजलेले, पाऊस, मागे ट्रकची रांग. ऑइलचा दिवा लागला तरी कापूरबावडीपर्यंत जाईन म्हणून तो चालवत राहिला, आणि इंजिन जाम झालं. इंजिनचं पूर्ण काम करायला जे पैसे गेले ते भरायला त्याला दीड वर्ष लागलं. गाडी खाली करायचीच असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेले स्प्रिंग घ्या, सोबत त्याला साजेसे शॉकअप घ्या आणि मूळ उंचीपेक्षा २०-२५ मिलिमीटरहून जास्त खाली जाऊ नका. आधी सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर डोळ्यांसमोर आणा. मी अजूनही मूळ उंचीवरच आहे.

ताकदीचं म्हणाल तर गाडी टर्बो नसेल तर विचारच सोडा. माझं १.३ इंजिन ८७ बीएचपीचं. त्यावर फिल्टर, एक्झॉस्ट, रीमॅप असं सगळं करून मोजके बीएचपी मिळतात. उघडा कोन फिल्टर तर बोनेटखालची गरम हवा ओढतो, आवाज वाढतो आणि गाडी उलट जड वाटते. टर्बो गाडीला रीमॅपने खरा फरक पडतो. पण तो ताण क्लच आणि टायरवर येतो, म्हणून तो शेवटी, सगळं धडधाकट झाल्यावर.

कायद्याची बाजू हलक्यात घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली. रंग बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते. रिम चाकाच्या कमानीबाहेर येऊ देऊ नका आणि केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर क्लेम नाकारला जाण्यापेक्षा थोडा जास्त प्रीमियम परवडतो. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला होता, तो मी पहिल्याच महिन्यात काढून मूळचा बसवला. २०२४ मध्ये गाडीला १५ वर्षं झाली आणि पुन्हा पासिंगला नेली, तेव्हा त्याचा फायदा कळला. फॉर्म २५, ५ हजार फी, ग्रीन टॅक्स, आणि तपासणीत एकही प्रश्न आला नाही. जुनी गाडी घेताना तिची पंधरा वर्षं कधी भरतात ते आजच मोजून ठेवा.

आणि पाम बीचवर रात्री शर्यती लावणाऱ्यांत जाऊ नका. त्या रस्त्यावर माणसं मेली आहेत. मी हिवाळ्यात रविवारी पहाटे पाचला निघते, कल्याण, मुरबाड आणि मग माळशेज. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, आपल्याच लेनमध्ये, कुणाला त्रास न देता गाडी चालवली की टायर आणि शॉकअपवर घातलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळते.

यंदाचा पावसाळा संपला की माझे पुढचे बुश पुन्हा बदलायचे आहेत, सहा वर्षं झाली. तुमची गाडी तोवर ठरली तर चाचणीला जाण्याच्या आदल्या दिवशी मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर इथे लिहा. त्या मॉडेलमध्ये नेमकं काय बघायचं ते मी त्याच रात्री कळवते.