समुद्र नाही, मग एवढी वाळू आली कुठून?

प्रश्न (जर्मनीतल्या पॉट्सडॅमहून एक वाचक): आम्ही तीन वर्षं इथे आहोत, यंदा बागेचा एक छोटा तुकडा भाड्याने मिळालाय. आई उन्हाळ्यात आली होती, तिने मेथी-कोथिंबिरीसाठी वाफा खणायला घेतला तर वीतभर खाली सरळ वाळूच लागली, बांधकामाला ट्रकने आणून टाकतात ना तशी पिवळी. पाणी घातलं की गायब. आई म्हणाली इथे आधी समुद्र असणार. ऑफिसातला एक जण म्हणतो हे हिमनदीचं काम आहे. नेमकं खरं काय, आणि मेथी येईल का?

उत्तर: ऑफिसातल्या माणसाचं बरोबर आहे, पण आईंचा अंदाजही उगाच नाहीये, पुढे त्याबद्दल सांगते. आधी वाळूचं बघू.

हिमनदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गंगोत्री येते, दोन डोंगरांच्या मधे अडकलेला बर्फ. इथलं प्रकरण वेगळं होतं. स्कँडिनेव्हियावर बर्फ साचत साचत त्याचा प्रचंड जाड थर झाला आणि स्वतःच्याच वजनाने तो चारी बाजूंना पसरायला लागला, बाल्टिक समुद्राची खोलगट जागा ओलांडून पार बर्लिनच्या दक्षिणेपर्यंत आला. हे एकदाच नाही तर निदान तीनदा झालं, शेवटची खेप साधारण २० हजार वर्षांपूर्वीची किंवा त्याच्या थोडी आधीची. येताना ह्या बर्फाने स्वीडन-फिनलंडचे ग्रॅनाइट खरवडून पोटात घेतले आणि पाट्यावर वाटण वाटावं तसे वाटत आणले. त्यामुळे बर्फ वितळला तेव्हा खाली जे उरलं ते सगळं एकत्र कालवलेलं होतं, चिकणमाती, वाळू, गोटे, मधेच खोलीएवढा दगड. शाळेच्या भूगोलात हिमोढ शब्द होता ना, तोच हा.

मग वाळू वेगळी कुणी केली? पाण्याने. बर्फाच्या कडेतून उन्हाळाभर जे पाणी धो धो बाहेर पडायचं त्याने हा सगळा माल अक्षरशः सुपात घालून पाखडला, जड दगडगोटे तिथेच पडले, बारीक माती पार लांब वाहून गेली आणि मधली वाळू मैलोन् मैल पसरत गेली. अशा मैदानाला सांडुर म्हणतात, शब्द आइसलंडचा आहे कारण तिथे हे आजही डोळ्यांदेखत घडतंय. नंतर गवत रुजायच्या आधी वाऱ्यानेही हात धुऊन घेतले, म्हणून समुद्र शेकडो किलोमीटर लांब असून तुमच्या आजूबाजूच्या पाइनच्या जंगलात वाळूच्या टेकड्या लागतात. जुन्या काळी बर्लिन-पॉट्सडॅमभोवतीच्या ह्या ब्रांडेनबुर्ग प्रांताला साम्राज्याची वाळूदाणी म्हणायचे, म्हंजे शाई सुकवायला कागदावर वाळू भुरभुरवायचे ना, त्या वाळूची डबी.

एक करून बघा. वाफ्यातली चिमूटभर वाळू धुऊन पांढऱ्या बशीत घ्या आणि भिंगातून बघा. काचेसारखे दाणे दिसतील ते क्वार्ट्झ, आणि मधे मधे फिकट गुलाबी कण दिसतील, ते फेल्डस्पार, ग्रॅनाइटमधले. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ बशी हातातून खाली ठेववेना, स्वीडनचा अख्खा डोंगर त्या बशीत आलाय असं वाटत होतं.

आता मेथी. येईल, नक्की येईल. मुंबईच्या स्टेशनाबाहेर समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात त्या वाळूतच तर वाढवतात. फक्त वाळू पाणी धरत नाही आणि खतही धरत नाही, तेव्हा कंपोस्ट भरपूर मिसळा, थोडं थोडं पाणी रोज द्या, वर पालापाचोळा पसरा. तुमच्याकडे वर्षाला पाऊस पडतो ६०० मिलिमीटरच्या आसपास, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी, म्हंजे आपल्या दुष्काळी पट्ट्याइतकाच म्हणा, आणि जमीन तो लगेच पिऊन टाकते. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी राय हे गव्हासारखं धान्य आणि बटाटा धरला. तुमच्याच गावात सांसूसी राजवाड्याच्या आवारात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक ह्याची कबर आहे, तिच्यावर लोक फुलांच्या जोडीला बटाटे ठेवतात ते पाहिलं असेलच, त्याने १७५६ साली बटाटा लावायला लावा म्हणून अधिकाऱ्यांना फर्मान काढलं होतं. आणि जवळच्या बेलिट्झचा पांढरा अ‍ॅस्परॅगस, १८६१ पासून तिथे त्याची शेती होते, त्याला तर अशीच जमीन लागते, वाळू उन्हाने पटकन तापते आणि मधे दगड नसला की कोंब सरळ वर येतो. त्यामुळे जमीन नापीक आहे असं म्हणू नका, तिला काय चालतं ते वेगळं आहे एवढंच.

प्रश्न (बर्लिनमधली विद्यार्थिनी): इथे रस्त्यांवरून डोक्याच्या वर जाडजूड गुलाबी आणि निळे पाइप का फिरवलेत? आणि शहराच्या आतच एवढे तलाव कसे?

उत्तर: पाइप भूजलाचे आहेत. बर्लिनचा मधला भाग जुन्या हिमयुगीन नदीच्या पात्रात बसलाय. उत्तरेला बर्फाची भिंत, दक्षिणेला चढती जमीन, मग वितळलेलं सगळं पाणी बर्फाच्या कडेकडेने पश्चिमेला उत्तर समुद्राकडे वाहायचं, त्याने किलोमीटरच्या किलोमीटर रुंद खोरं कोरलं आणि वाळूने भरून ठेवलं. आजची श्प्रे नदी त्या खोऱ्यात अगदी एवढीशी दिसते. त्या वाळूत पाणी दोन-तीन मीटरवर लागतं, इमारतीचा पाया खणला की खड्डा भरलाच, मग ते उपसून पाइपाने जवळच्या कालव्यात वगैरे सोडतात. तू हॉस्टेलवर नळाचं पाणी पितेस तेही ह्याच वाळूतून गाळून वर काढलेलं, आणि मला विचारशील तर ब्रांडेनबुर्गची खरी श्रीमंती हीच आहे.

तलावांचं असं की, आपल्याकडे बर्फाच्या लाद्या भुशात झाकून ठेवायचे ना, वितळू नये म्हणून, तसे मागे राहिलेले बर्फाचे मोठमोठे तुकडे वाळूखाली गाडले गेले आणि फार उशिरा, सावकाश वितळले. वितळल्यावर वरची वाळू खचली, खड्ड्यात पाणी आलं. काही तलाव लांबट आहेत, ग्रुनेवाल्डच्या जंगलातले श्लाख्टनझे, क्रुमे लांके वगैरे एका ओळीत दिसतील, ते बर्फाखालून जोरात वाहणाऱ्या पाण्याने कोरलेल्या चरात झालेत. वरून शांत दिसले तरी काठ एकदम खोल जाऊ शकतात, उत्तरेकडचा श्टेखलिन तर जवळपास ७० मीटर खोल आहे, तेव्हा पोहायला जाशील तेव्हा जपून. आणि ह्यातल्या बऱ्याच तलावांना नदी येऊन मिळत नाही, भूजल उतरलं की ते उतरले. पॉट्सडॅमच्या सीमेवरचा ग्रोस ग्लिनिके बघून ये, पाणी मागे सरकून जिथे आधी तलाव होता तिथे आता काठ झालाय, मला ते बघून फार वाईट वाटलं.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): बर्लिनच्या जुन्या म्युझियमपुढे दगडाची अवाढव्य परडी पाहिली. गाइड म्हणाला रानात सापडलेल्या एका दगडातून केलीय. जवळपास डोंगर नसताना?

उत्तर: खरं आहे ते. जवळपास ७ मीटर व्यास आणि वजन ७० टनांच्या वर. फ्युर्स्टेनवाल्डजवळ राऊएनच्या टेकड्यांवर दोन प्रचंड दगड पडलेले होते, त्यातल्या मोठ्याचा तुकडा काढून कांटियान नावाच्या पाथरवटाने १८२०च्या दशकात ही परडी घडवली, उरलेला दगड अजून तिथेच आहे. ग्रॅनाइट स्वीडनचा, आणणारा अर्थात बर्फ. असे लहानमोठे दगड शेतात नांगराला लागायचे, लोकांनी त्यांचीच जुनी चर्चेस बांधली, गावातले रस्ते फरसबंद केले.

आता वर पॉट्सडॅमच्या आईंबद्दल सांगायचं राहिलं होतं ते. हे दगड इथे कसे आले ह्यावर तेव्हाच्या मोठमोठ्या विद्वानांचंही मत हेच होतं की इथे थंड समुद्र होता, त्यात हिमनग तरंगत आले आणि वितळताना दगड टाकून गेले! ३ नोव्हेंबर १८७५ ला ओटो टोरेल हा स्वीडिश भूवैज्ञानिक बर्लिनजवळ र्‍युडर्सडॉर्फच्या चुनखडीच्या खाणीत गेला, तिथल्या खडकावर त्याला समांतर ओरखडे दिसले, आणि संध्याकाळी बर्लिनमधल्या भूवैज्ञानिकांच्या सभेत त्याने सांगितलं की इथे बर्फ तरंगत नाही, जमिनीवरून घासत आलाय. पटायला वेळ लागला लोकांना, पण ओरखडे खोडता येत नाहीत.

प्रश्न (वरोऱ्याहून एक शिक्षक): आपल्या महाराष्ट्रात कधी असा बर्फ होता का? मुलं विचारतात.

उत्तर: होता सर, आणि तुमच्याच जिल्ह्यात! चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या पात्रात, इरई गावापाशी चुनखडीच्या खडकावर तसेच ओरखडे आहेत आणि त्यावर गोट्यांचा थर आहे, तालचीर थर म्हणतात त्याला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी त्याची नोंद छापली तीसुद्धा १८७५ सालीच. फक्त हा बर्फ फार जुना, जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा आपली जमीन दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती आणि दख्खनचा काळा दगड अजून जन्मायचा होता.

मुलांना नेणार असाल तर पावसाळ्यात नको, पाणी उतरल्यावर न्या. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना खडकाकडे बघायला सांगा, भर दुपारी सपाट उजेडात रेघा नीट दिसत नाहीत. आणि बोट फिरवून बघू द्या त्यांना त्या रेघांवरून.