दुसरी बॅटरी घेण्याआधी मागची फळी मोजा

हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला १६ फुटी फायबरची होडी, नवी इलेक्ट्रिक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर टांगायची मोटर. पूर्ण जोर दिला की मोटर किंचाळते, होडी मात्र जागची हलत नाही, आणि विकणारा म्हणतोय बॅटरी कमी पडते, आणखी एक घ्या. तुमचं हे वाचलं आणि राहवलं नाही. माझीही होडी तेवढीच, मोटर ३ किलोवॅटची, चोर्ला घाटातून गाडीवर बांधून आणलेली. मला विकणाऱ्याकडून हेच उत्तर मिळालं होतं आणि मी बॅटरी घेतली.

परवानगी, लाइफ जॅकेट, फ्यूज हे तुम्ही बघितलं असणारच, त्यात शिरत नाही.

चूक शाफ्टच्या, म्हणजे मोटरपासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या लांबीत होती. माझ्या होडीची मागची फळी २० इंच उंच आणि मोटर आली शॉर्ट शाफ्टची, म्हणजे १५ इंची फळीसाठीची. ५ इंचांचा फरक. पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. माझी बरीच वर होती. जोर दिला की पंखा वरून हवा ओढायचा, मागे नुसता पांढरा फेस. त्यात दुसरी बॅटरी वजन सारखं व्हावं म्हणून मी नाकाकडे ठेवली. मागची बाजू उचलली गेली, पंखा आणखी वर आला, आणि आधी जेमतेम चालणारी होडी पार थांबली. विकणाऱ्याला फोन केला तर, "सेटिंग बघा." फळीची उंची किती हे एकदाही कुणी विचारलं नाही. विकताना विचारायचा पहिला प्रश्न तो! याचा राग अजून जात नाही.

ओळखायचं कसं? डिस्प्लेवर वॅट बघा. बॅटरी दमली असेल तर जोर दिल्यावर व्होल्टेज खाली बसतं. हवा ओढत असेल तर व्होल्टेज ठीक, आवाज चढतो आणि वॅट मात्र झपकन पडतात, कारण पंख्याला पाण्याचा भारच उरत नाही. मग दोघांना मागे बसवून बघा. होडी चालायला लागली तर दुखणं शाफ्टचं.

फळी कापायला कुणी सांगेल, कापू नका. ताकद जाते, लाट आत येते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये ब्रॅकेट बनवून मोटर खाली घेता येते, पण मोटरचा वरचा भाग आणि जोडण्याही पाण्याजवळ येतात, म्हणून मी शेवटी तोटा सोसून लाँग शाफ्ट घेतली. मी इंजिनिअर नाही, माझ्या होडीवर घडलं ते सांगतोय. तुमची मापं तुम्ही घ्या.

आणखी एक. "९.९ एचपीच्या बरोबरीची" असल्या बोलण्यावर जाऊ नका. ३ किलोवॅट म्हणजे ४ एचपी. पंखा मोठा असला की उचल चांगली मिळते हे खरं, पण पाणी कापत चालणारी १६ फुटी होडी ताशी १० किलोमीटरच्या आसपास अडते. पुढचा जोर लाटा उठवण्यात जातो. ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण जोरावर दीड तास, अर्ध्या जोरावर तीन तास. फिरायला तेवढं पुष्कळ झालं. आणि जेट ड्राइव्हचा, म्हणजे उघड्या पंख्याऐवजी पाणी आत ओढून मागे फेकणाऱ्या मोटरचा मोह नको, मे महिन्यात पाणी उतरलं की गाळ आणि शेवाळ तिच्या पाणी ओढायच्या तोंडात अडकतं.

मोटर बदलून द्यायची मुदत शिल्लक असेल तर उद्याच फळी मोजा, आणि होडी पाण्यात असताना प्लेट कुठे येते त्याचा बाजूने काढलेला फोटो इथे टाका.