टर्बोला ऑइल प्रेशर किती द्यावं? धूर येत असेल तर रिस्ट्रिक्टर लावावा का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या एस्टीमला डिझेल गाडीचा सेकंडहँड टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवलाय, सिग्नलला थांबलं की निळा धूर येतो आणि मिस्त्री म्हणतोय, ‘प्रेशर जास्त होतंय, रिस्ट्रिक्टर टाकू.’ रिस्ट्रिक्टर म्हणजे टर्बोला तेल नेणाऱ्या नळीत, फीड लाइनमध्ये, बसवायचा बारीक भोकाचा जेट. मिस्त्रीच्या याच वाक्यावरून मेहुण्याचं आणि माझं अजून वाजतं, म्हणून लिहायला बसलो.

आकडे आधी देऊन टाकतो. बुश बेअरिंगच्या टर्बोला, म्हणजे ज्याचा शाफ्ट छर्‍यांऐवजी साध्या धातूच्या बुशात फिरतो त्याला, इंजिनाचं आहे तेच प्रेशर चालतं. गरम इंजिनाला आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) 10 पीएसआयच्या खाली जाऊ नये, लोडवर 40 ते 60. रिस्ट्रिक्टर नको. बॉल बेअरिंगवाल्याला साधारण 1 मिमी भोकाचा लागतो, पण जुन्या डिझेलचा टर्बो म्हणजे बहुतेक बुशचाच.

मेहुण्याचं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात. त्याच्याकडे एक जिप्सी आली, इंजिन तुमचंच 1.3, रोगही हाच. पठ्ठ्याने लेथवरून पितळेचा जेट करून आणला आणि फीड लाइनमध्ये ठोकला. धूर कमी झाला. लगेच मला फोन करून ऐकवलंसुद्धा. अरे, तेलच कमी सोडलं तर धूर कमी होणारच! शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि बुशात तरंगतो तो तेलाच्या पातळ थरावर. तो थरच कापला. थोड्या दिवसांत शिट्टी वाजायला लागली. टर्बो उघडला तर बुशाच्या जागी शाफ्ट निळा पडलेला, आणि कॉम्प्रेसरचं चाक बोटाने दाबलं की हाऊसिंगला घासत होतं. मेहुणा म्हणाला, मालच भंगार होता.

मी गाडीखाली शिरलो. रिटर्नची नळी अर्ध्या इंचापेक्षा बारीक, क्रॉसमेंबरखालून झोळ खाऊन परत वर चढलेली, आणि चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) जोडलेली तीही तेलाच्या लेव्हलखाली. टर्बोत तेल प्रेशरने जातं, पण बाहेर पडतं ते नुसतं उतारावर, तेही फेसाळून. टोकाला रबरी सील नसतं, पिस्टनला असते तशी बारीक रिंग असते. खाली वाट तुंबली की तेल त्या रिंगवरून सरळ सायलेन्सरमध्ये. यात प्रेशरचा काय दोष?

दुसरा टर्बो बसवताना मी हटून चेंबर उतरवायला लावला. लेव्हलच्या वर नवीन जोड वेल्ड केला, पाऊण इंची नळी जवळजवळ उभी सोडली, जेट काढून टाकला. धूर बंद. मेहुण्याचं म्हणणं आजही तेच, की दुसरा टर्बो चांगला मिळाला म्हणून.

तुमच्या मिस्त्रीला पटत नसेल तर रिटर्नची नळी चेंबरपासून सोडवून डब्यात सोडा, चेंबरच्या भोकाला बूच मारा आणि गाडी आयडलवर ठेवा. डब्यातलं तेल वरून परत ओतत राहा, नाहीतर इंजिन कोरडं पडेल. सायलेन्सरमध्ये साचलेलं जळेपर्यंत धूर येईल, नंतर थांबला तर मिस्त्रीला डबा दाखवा. तरीही थांबला नाही तर मग बहुधा टर्बोच गेलाय, हे मला मान्य करावं लागेल. इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, म्हणजे पिस्टनच्या बाजूने गॅस चेंबरमध्ये उतरत असेल, तरी असाच धूर येतो, कारण चेंबरमधली हवा रिटर्नमधून येणारं तेल खाली येऊ देत नाही. ऑइलची कॅप काढली की भकभक कळतेच.

प्रेशर मोजायचंच तर गेज टर्बोच्या तोंडाशी लावा, डॅशबोर्डच्या दिव्यावर जाऊ नका. ऑइल स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावताना आटे तपासा. जपानी इंजिनाला बहुधा बीएसपी (ब्रिटिश मापाचे), इंचाला 28 आटे; किटमधली टी बऱ्याचदा एनपीटी (अमेरिकन मापाची), 27 आटे. दोन फेरे जाते, मग ब्लॉक चिरते. टेफ्लॉन टेप फीड लाइनला नकोच, तुकडा सुटला की बुशाच्या भोकात. आणि पहिला सेल्फ मारण्याआधी टर्बोत वरून तेल घाला.

हे सगळं ट्रॅकवरच्या गाडीसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असला बदल रस्त्यावर चालत नाही. इन्शुरन्सवाल्यानेही क्लेमच्या वेळी हात वर केले, तर तुमची रिटर्न लाइन किती सरळ आहे हे कोणी विचारणार नाही.