रोज एक फोटो काढायचा नेम धरलाय, पण कडाक्याच्या थंडीत आणि प्रवासात बॅटरी पटकन उतरते, लेन्सवर बाष्प धरतं. काय करावं?

जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगालगत ठेवा आणि बाहेरून उबदार खोलीत शिरण्याआधीच कॅमेरा झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बंद करा, या दोन गोष्टींनी बरंचसं काम होतं. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणून चार्ज असूनही ती संपल्यासारखी दाखवते, खिशात जरा ऊब मिळाली की तीच बॅटरी परत चालते, त्यामुळे लगेच फेकू नका किंवा गारठलेली असताना चार्जिंगलाही लावू नका, ० अंशाखाली चार्ज केली तर कायमची खराब होऊ शकते. पिशवीचं कारण असं की दमट गरम हवेतलं पाणी थंड काचेवर जमतं, पिशवी असली की ते बाहेरून जमतं आणि कॅमेरा आत कोरडा राहतो. तास-दोन तास उघडायची नाही हं, म्हणून मेमरी कार्ड आधीच काढून घ्या म्हणजे त्या दिवसाचा फोटो अडकून पडत नाही. फोटोत बर्फ राखाडी येत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ती सेटिंग, +१ करून बघा. विमानात सुट्या बॅटऱ्या हँडबॅगेतच, टोकांना टेप लावून.

फक्त एक, बरेच कॅमेरे ० ते ४० अंशांसाठीच बनवलेले असतात, त्यामुळे उणे १५-२० मध्ये एवढं करूनही स्क्रीन आणि शटर अडखळू शकतं, तिथे पटकन फोटो काढून कॅमेरा बॅगेत टाकलेला बरा.