हँडपॅन नंतर, आधी तानपुरा

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ वर्षं बासरी शिकतोय, मध्यमा पूर्ण झाली. वर्षभर गिटार आणि कहोन (बसून हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) वाजवणाऱ्या दोन मित्रांसोबत योग शिबिरांत आणि ध्यानाच्या कार्यक्रमांत वाजवतो. ठरवून काही बसवत नाहीत, तिथेच सुचेल ते वाजवतात. आता कॉलेज सोडून गोव्याला जायचं म्हणतो आणि सव्वा लाखाचा हँडपॅन (हाताने वाजवायचं पोलादी वाद्य) मागतोय. यात पोट भरतं का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, नमस्कार. कॉलेज सोडू देऊ नका, हँडपॅन आत्ता घेऊ नका. बासरी मात्र आहे त्याहून जास्त वाजवू द्या.

‘सुचेल ते’ या शब्दांपाशी थोडं थांबू. आपल्याकडे त्याला उपज म्हणतात आणि ती पाठांतराच्या पोटातून येते. अल्लादिया खाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात जी गायकी रुजवली, तिच्यातही आवर्तन लयीला धरून भरायचं आणि समेवर उतरायचं, हे सगळं त्या क्षणी घडतं; पण राग आणि ठेका अंगात मुरलेला असतो म्हणून घडतं. परदेशी वाद्यांशी मेळ घालणाऱ्यांचंही तेच. ‘शक्ती’ या वाद्यवृंदातले झाकीर हुसेन अल्लारखाँच्या तालमीतले आणि गिटारवाले जॉन मॅक्लॉफलिन वीणा शिकलेले. ‘ओरेगॉन’ या वाद्यवृंदातल्या कॉलिन वॉलकॉट यांनी सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकला. तुमच्या मुलाच्या हातात बासरी आहे, ती अर्ध्यावर सोडून दुसरं वाद्य धरण्यात काही अर्थ नाही.

हँडपॅनचा सूर बनवतानाच ठोकून पक्का केलेला असतो. बाजारात सर्रास दिसणारा ‘डी कुर्द’ जुळणीचा घेतला, तर त्यात साधारण नऊ स्वर, षड्ज (सा) पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, आणि स्वर आसावरी थाटाचे. शास्त्रीय शिकणाऱ्यांची बासरी बहुतेक वेळा पांढरी तीनची असते. तिच्यावर ते स्वर काढायचे तर जागोजागी अर्धं छिद्र दाबत बसावं लागेल, म्हणजे बासरीही वेगळी घ्यावी लागेल. त्यात काही पॅनचा ‘ए’ हा स्वर नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला लावलेला असतो. हा फरक सुमारे ३२ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा भाग. दोन वाद्यांवर हा स्वर एकत्र वाजला की सेकंदाला आठ ठोके पडतात आणि ऐकणाऱ्याला फक्त बेसूर ऐकू येतं. ४३२ मध्ये अध्यात्म असतं म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, पण पैसे देण्याआधी ट्यूनर लावून बघा.

त्यापेक्षा तानपुरा बघा. मिरज आपल्यापासून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. विकत घेणं आत्ता जमत नसेल तर फोनमधलं अॅप बऱ्या स्पीकरवर लावून रियाज चालेल, पण एकदा खऱ्या तानपुऱ्यापुढे बसवा. षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो गिटारच्या पडद्यावरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. तिघं एकत्र वाजवताना सगळं बरोबर असूनही काहीतरी खुपतं, त्याचं कारण बहुधा इथेच आहे. उपाय सोपा आहे : गिटारवाल्याने कॉर्डमधला (एकत्र छेडलेल्या स्वरांतला) गंधार गाळून षड्ज-पंचम मोकळे ठेवायचे. त्यासाठी ‘डॅडगॅड’ नावाची तारांची जुळणी आहे. इंग्लंडमधल्या डेव्ही ग्रॅहम यांनी मोरोक्कोहून आल्यावर १९६० च्या दशकात ती रूढ केली. सरगमीत ती सा प सा म प सा अशी बसते. तिच्यावर किरवाणी किंवा चारुकेशी राग वाजवून बघा. दर चार मात्रांनी कॉर्ड बदलत राहिला तर रागाचा षड्जच हरवतो. अशा वादनात कॉर्ड जितके कमी तितकं बरं.

पहाटेच्या शिबिरात जुळलेली वाद्यं उन्हं वर आली की एकमेकांशी बेसूर होतात, कारण बासरीतली हवा तापते आणि एका अंशाला जवळजवळ तीन सेंट सूर चढतो, तर गिटारच्या तारा उन्हाने सैलावून उतरतात. बासरी पाच-दहा मिनिटं फुंकून गरम करायची आणि मग गिटार तिच्याशी जुळवायची, उलट नाही. आपल्या पावसाळ्यात गिटारचं लाकूड फुगून तारा पडद्यांपासून उंच जातात, त्यामुळे पिशवीत सिलिका जेल हवं. कहोन जोरात वाजू लागला की बासरीवाला जोराने फुंकतो आणि जोराने फुंकलं की सूर चढतो. माइक वाढवून हे सुटत नाही, कहोनला हात हलका ठेवायला सांगावं लागतं.

रियाज रोज दोन तासांचा धरा. पहिली चाळीस मिनिटं फक्त मंद्र (खालचं) सप्तक आणि लांब श्वास. मग एकच राग, तोही तीन महिने तोच. शेवटची वीस मिनिटं तालाचा हिशेब, उदाहरणार्थ तीनतालात समेपासून पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा विश्रांती : एकूण १७, म्हणजे तिसऱ्या तुकड्याची शेवटची मात्रा पुढच्या समेवर. हे बोटांवर बसलं की सात मात्रांच्या रूपक तालात हिशेब स्वतः मांडायचा. आठवड्यातून एकदा गल्लीतल्या भजनी मंडळात बसू द्या. पखवाज आणि टाळांवर गजर कसा चढतो आणि गाणारा ओळ कशी फिरवतो, हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

मित्रांबरोबरची प्रत्येक बैठक पूर्ण रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायची. फोन गिटारसमोर ठेवू नका. बासरीपासून हातभर अंतरावर आणि जरा बाजूला ठेवला की फुंकर कमी येते. तिघंही एकाच वेळी वाजवत असलेली मिनिटं मोजायला सांगा. ती जवळजवळ सगळीच भरतील, आणि दोष नेमका तोच आहे : कोणी थांबून दुसऱ्याला ऐकत नाही.

आता पोटाचं. निव्वळ अशा कार्यक्रमांवर घर चालणं अवघड. चालतं ते शिकवण्या, नाटक-भजनाची साथ, स्टुडिओतलं काम आणि शिबिरं यांच्या बेरजेवर. त्यात बी.कॉम.चा उपयोग आहे, कारण बिलं, करार आणि जीएसटी यांत बहुतेक कलाकार चाचपडतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण या दोन परीक्षा बाकी आहेत. त्या पदवीच्या जोडीनेच होतील. पुढे शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग किंवा पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र गुरुकुल. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयाला असते, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो आणि तुमच्या मुलाची आठ झालीत. यंदाची जाहिरात आली की अर्ज भरा.

‘साउंड हीलिंग’ची शनिवार-रविवारची प्रमाणपत्रं घेऊन आजार बरे करण्याच्या जाहिराती मात्र त्याला करू देऊ नका. शांत वाजवण्याचे पैसे घ्यावेत, उपचाराचे नाहीत.

गोव्याला सुट्टीत पंधरा दिवस जाऊ द्या, खर्च त्याच्या शिबिरांच्या कमाईतून. आणि पुढच्या रेकॉर्डिंगआधी तिघांनी एका कागदावर लिहून सही करावी : रचना कोणाची, वाटा किती टक्के. पूर्वी आपल्या कायद्यात स्वरलेखन असेल तरच संगीतरचना धरली जायची. १९९४ च्या दुरुस्तीनंतर न लिहिलेलं, जागेवर सुचलेलं संगीतही रचनाच आहे. म्हणजे त्यावर हक्क आहे आणि भांडणही होऊ शकतं. कागदाची एक प्रत तुमच्याकडे ठेवा.